तापलेलें यंत्र आणि तपकीर गल्ली

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाशीं आमचा ऋणानुबंध चाळीस वर्षांहून जुना आहे. शाळेंत असतांना दर वर्षीं जूनच्या आरंभीं वाईहून निघावें, चौकांतल्या दुकानांतून व्याकरणाचीं व निबंधांचीं पुस्तकें पारखून घ्यावीं, आणि पिशवी खांद्यास लावून संध्याकाळच्या एस्. टी. नें परत फिरावें, हा आमचा क्रम निवृत्तीपर्यंत चुकला नाहीं. त्या चौकापासून थोड्याच पावलांवर तपकीर गल्ली आहे. तिचें नांव आम्ही ऐकून होतों. परंतु तिच्यांत पाऊल टाकण्याचा प्रसंग कधीं आला नव्हता. ज्या वस्तूची गरज नाहीं तिचा बाजार मनुष्यास दिसत नाहीं, हेंच खरें. गेल्या वैशाखांत तो प्रसंग आला. आमच्या घरच्या लॅपटॉपाच्या ग्राफिक्स कार्डाला ताप चढला होता, आणि त्याच्या हमीचे नऊच दिवस उरले होते.

आमचें कुटुंब एकत्र आहे. बंधु, पुतणे, सुना, नातवंडें अशीं चौदा माणसें एका छपराखालीं नांदतात. त्यांतील थोरली नात पुण्यास वास्तुकलेच्या विद्यालयांत चौथ्या वर्षाला आहे. इमारतींचीं चित्रें यंत्रावर काढावयाचीं, तीं चोहों बाजूंनीं फिरवून पाहावयाचीं, कोणत्या भिंतीवर केव्हां ऊन पडेल तें आधींच दाखवावयाचें, असलीं कामें तिला करावीं लागतात. साध्या लॅपटॉपास तें झेपत नाहीं. वेगळें ग्राफिक्स कार्ड असलेलाच लागतो. तो गेल्या वर्षीं नव्वद हजार रुपयांस घेतला. ती रक्कम आमच्या निवृत्तीच्या ठेवींतून काढली होती. हें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, पुढें आमच्या मनाची जी ओढाताण झाली तिचें मूळ वाचकांस कळावें.

यंत्राचें दुखणें असें होतें. काम सुरू केल्यावर दहा-बारा मिनिटांत आंतला पंखा घोंगावूं लागे. कळफलकाचा वरचा भाग हात ठेववेना इतका तापे. मग चित्र अडखळत फिरे, पडद्यावर रंगीत पट्टे उमटत, आणि शेवटीं पडदा काळा होऊन यंत्र बंद पडे. निवलें म्हणजे पुन्हां शहाण्यासारखें चाले. वाईंतल्या एका जुन्या वाड्याचा आराखडा नातीला वीस दिवसांत पुरा करून द्यावयाचा होता, आणि यंत्राची ही गत!

आम्ही हमीपत्र काढून वाचावयास बसलों. जन्मभर संस्कृत व्याकरण शिकविल्यामुळें तें आम्हांस फारसें अपरिचित वाटलें नाहीं. व्याकरणांत सामान्य नियमास उत्सर्ग म्हणतात आणि त्यास बाध आणणाऱ्या विशेष नियमास अपवाद. या पत्रांत उत्सर्ग एका ओळीचा होता : वर्षाच्या आंत यंत्र बिघडल्यास फुकट दुरुस्त करून मिळेल. पुढें चार पानें अपवादांचीं होतीं. यंत्र पडलें असेल तर नाहीं, त्यांत पाणी गेलें असेल तर नाहीं, तिऱ्हाइतानें उघडलें असेल तर नाहीं, आणि अयोग्य रीतीनें वापरलें असेल तरी नाहीं.

शेवटचें कलम वाचतांच आमचा पुतण्या म्हणाला, "काका, थंडीच्या दिवसांत पोरीनें महिनाभर तें मांडीवर गोधडी घेऊन, तिच्यावर ठेवून वापरलें आहे. तेथें गोधडीचें नांव काढूं नका. 'वापरांतील चूक' असें एकदां कागदावर आलें कीं नव्वद हजार पाण्यांत गेले म्हणून समजा." नात तेथेंच उभी होती. आम्हीं होय म्हटलें नाहीं, आणि नाहींहि म्हटलें नाहीं. आपलें हें मौन कोणत्या बाजूचें आहे, तें आम्हांस ठाऊक होतें.

दुसऱ्या दिवशीं पहाटे आम्ही उभयतां निघालों. वाई ते पुणें हें अंतर सुमारें नव्वद किलोमीटरांचें. सुरूर फाट्यास हमरस्ता लागला, खंबाटकी मागें पडली, आणि शिरवळच्या पुढें नीरा ओलांडेपर्यंत ऊन चांगलेंच चढलें. नात मांडीवर लॅपटॉपाची पिशवी घेऊन, आजारी मूल दवाखान्यांत न्यावें तशी जपून बसली होती. कात्रज उतरेपर्यंत आम्ही तिला पुण्याच्या पेठांच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. ज्या गोष्टीविषयीं बोलावयास पाहिजे होतें, तेवढी मात्र टाळली.

स्वारगेटहून मंडईच्या पुढें येऊन आम्ही बुधवार पेठेंत शिरलों. तपकीर गल्ली हें नांव, एके काळीं तेथें तपकिरीचा व्यापार चाले म्हणून पडलें, असें सांगतात. आज तेथें तपकिरीचा वास नाहीं. तापलेल्या डाखाचा आणि नव्या प्लास्टिकचा आहे. दोन्ही अंगांस खेटून दुकानें. कोठें तारांचीं भेंडोळीं, कोठें दिव्यांच्या माळा, कोठें भ्रमणध्वनीचे सुटे भाग भाजीसारखे वाट्यावर मांडलेले. गिऱ्हाईक, हमाल आणि दुचाक्या यांची इतकी दाटी कीं, आपण चालतों आहों कीं ढकलले जातों आहों तें कळूं नये. गल्लीच्या जवळच पासोड्या विठोबाचें देऊळ आहे. पासोडी म्हणजे जाडेंभरडें पांघरूण. पूर्वीं देवळाच्या आसपास पासोड्या विकावयास बसत, म्हणून देवास हें नांव मिळालें, असें म्हणतात. गोधडीच्या पापाची चिंता घेऊन निघालेल्या आम्हांस विठोबानें तरी दुसरें कोणतें रूप दाखवावें!

एका जिन्याखालच्या दुकानांत, चष्म्यावर आणखी एक भिंग चढविलेले पन्नाशीचे कारागीर बसले होते. पूर्वीं रेडिओ दुरुस्त करीत, आतां संगणक करतात. त्यांनीं पावतीवरील तारीख पाहिली आणि यंत्र आमच्याकडे सरकवीत म्हटलें, "गुरुजी, हें मी उघडणार नाहीं. मी एक स्क्रू फिरवला कीं तुमची हमी गेली. आधीं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. पण जाण्यापूर्वीं आजार काय आहे तें समजून घ्या."

मग त्यांनीं एका मेलेल्या लॅपटॉपाचें पोट उघडून आम्हांस जें दाखविलें, तें शाळेंत दाखविण्याजोगें होतें. ग्राफिक्स कार्ड हें लॅपटॉपांत बहुधा कार्ड राहिलेलेंच नसतें. मेजावरच्या मोठ्या संगणकांत तें पत्त्यासारखें खोचतां-काढतां येतें. येथें ती एक चिप असते आणि ती मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डावर, डाखाच्या शेंकडों बारीक मण्यांनीं कायमची बसविलेली असते. म्हणून एक चिप बिघडली तर अख्खी पाटी बदलावी लागते, आणि म्हणूनच हमीबाहेरचा खर्च छाती दडपविणारा होतो.

चिपेची उष्णता बाहेर नेण्याची व्यवस्थाहि मोठी युक्तीची आहे. चिपेवर लेपासारखा एक पदार्थ लावून त्यावर तांब्याची चपटी नळी टेकविलेली असते. नळी भरीव दिसते, पण आंतून पोकळ असते. तिच्यांतील हवा काढून थोडेंसें पाणी ठेवलेलें असतें. चिपेकडील टोंकास त्याची वाफ होते, दुसऱ्या टोंकास जाऊन ती निवते, आणि पाणी आंतल्या सच्छिद्र अस्तरांतून झिरपत परत येतें. अर्क काढण्याच्या भपक्याची ही धाकटी बहीण होय. अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथें जॉर्ज ग्रोव्हर यांनीं 1963 मध्यें ही नळी सिद्ध केली. निवणाऱ्या टोंकास पातळ पत्र्यांची चळत असते आणि पंखा तिच्यांतून वारा घालतो. पंख्यास हवा मिळते ती यंत्राच्या तळाच्या छिद्रांतून. तीं छिद्रें मऊ पांघरुणांत रुतलीं म्हणजे सगळीच साखळी थांबते. तांब्याच्या मानानें कापूस उष्णता सुमारें दहा हजार पटींनीं कमी वाहूं देतो. ज्या गुणामुळें गोधडी आपणांस ऊब देते, त्याच गुणामुळें ती यंत्रास गुदमरविते.

"काम करतांना सत्तर-ऐंशी अंश उष्णमान असणें हें या चिपांना नवें नाहीं," कारागीर म्हणाले. "नव्वदीच्या आसपास त्या स्वतःच मंद होतात, जीव वांचवितात. पण रोज तापणें आणि निवणें चाललें, तर चिप आणि पाटी सारख्या प्रमाणांत फुगत नाहींत. मधले मणी ताणले जातात आणि एक दिवस तडकतात. पुष्कळ लोक गरम हवेचा झोत मारून तात्पुरतें चालू करून देतात. महिना-दोन महिने चालतें, मग मूळपदावर. तें करूं नका."

मण्यांच्या या दुखण्यास नेहमीं मालकच कारण असतो असें नाहीं. 2008 च्या जुलैंत एन्‌व्हिडिया या चिपा बनविणाऱ्या कंपनीनें आपल्या कांहीं लॅपटॉपांच्या ग्राफिक्स चिपांच्या जडणघडणींतील कच्चें साहित्य लक्षांत घेऊन, हमीच्या व दुरुस्तीच्या खर्चासाठीं 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढल्याचें जाहीर केलें. त्या काळीं लॅपटॉप विकणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनीं पंखा अधिक वेळ चालावा म्हणून यंत्रांना नव्या सूचना पुरविल्या, आणि बाधित यंत्रांच्या हमीची मुदतहि वाढवून दिली. ती गोष्ट जुनी, आणि आमच्या यंत्राशीं तिचा संबंध नाहीं. परंतु तापलेल्या यंत्रांत दोष बनविणाऱ्याचाहि असूं शकतो आणि वापरणाऱ्याचाहि, हें तिच्यावरून ध्यानांत येतें. दोन्ही तपासल्यावांचून निर्णय देऊं नये.

निघतांना कारागिरांनीं दोन गोष्टी करून घेतल्या. उष्णमान दाखविणारा एक फुकट मिळणारा प्रोग्राम यंत्रांत घालून वाड्याचें चित्र फिरवावयास लाविलें. आरंभीं आंकडा 58 होता. अकराव्या मिनिटास 93 झाला. त्याचीं छायाचित्रें नातीनें भ्रमणध्वनीवर घेतलीं. मग त्यांनीं वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर पट्टी फाडून यंत्राच्या उजव्या झरोक्यापुढें धरली. ती पताकेसारखी फडफडली. डाव्या झरोक्यापुढें धरली, तों ती निश्चल लोंबत राहिली. "पंखे दोन आहेत आणि चालतो एकच," ते म्हणाले. "हें त्यांना दाखवा." आम्ही पैसे पुढें केले; त्यांनीं हात जोडले. "हमी संपल्यावर या, तेव्हां घेईन," म्हणाले.

सर्व्हिस सेंटर नदीपलीकडे. लक्ष्मी रस्त्यानें रिक्षा करून लकडी पूल ओलांडला. बाहेर वैशाखाचा वणवा आणि आंत कांचेच्या दालनांत हुडहुडी भरावी असा गारवा. क्रमांकाची चिठ्ठी घेऊन आम्ही तासभर बसलों. मग पटलावरील मुलीनें यंत्र घेतलें, पांच मिनिटें स्वतःच्या चांचण्या चालविल्या आणि नम्रपणें सांगितलें, "काका, सगळें नॉर्मल आहे. तापत नाहीं."

तर्कशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पर्वतावरच्या धुराचें उदाहरण ठाऊक असतें. धूर दिसला म्हणजे अग्नि आहे असें अनुमान करावें. परंतु धूर नाहीं म्हणून अग्निहि नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. त्यासाठीं आमचे नैयायिक तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला देतात. त्यांत अग्नि असतो आणि धूर मुळींच नसतो. आम्हीं त्या मुलीस नैयायिकांचीं नांवें सांगितलीं नाहींत, एवढेंच म्हटलें, "बाळ, गार खोलींत, बिनकामाचें, पांच मिनिटें चाललेलें यंत्र तापणार कसें? ज्या कामानें तें आजारी पडतें तेंच काम त्याला द्या." तिनें मान्य केलें. तेराव्या मिनिटास रंगीत पट्टे उमटले, आणि तिनें आंतून आपल्या वरिष्ठांस बोलाविलें.

वरिष्ठ गृहस्थ तरुणच होते. छिद्रांच्या जाळींत अडकलेले कापसाचे बारीक तंतु त्यांच्या नजरेस पडले. त्यांनीं आम्हांस नव्हे, नातीस विचारलें, "ताई, हें कधीं गादीवर किंवा पांघरुणावर ठेवून वापरलं होतं का?"

नातीनें आमच्याकडे पाहिलें. छत्तीस वर्षें आम्हीं मुलांना खरें बोलावयास शिकविलें. परीक्षेंत नक्कल करणाऱ्याचे कान धरले. आणि आतां पटलाच्या अलीकडे उभे राहून नव्वद हजारांचा हिशेब करीत आम्ही गप्प होतों. तो क्षण लहानच असेल, पण आम्हांस तो शाळेच्या एका तासाएवढा वाटला. मग ती पोरच म्हणाली, "हो. जानेवारींत महिनाभर, गोधडीवर." आम्हांस लाज वाटली आणि आनंदहि झाला, कोणता भाव आधीं आला तें सांगवत नाहीं.

गृहस्थांनीं तें लिहून घेतलें. "मग अवघड आहे," ते म्हणाले. आतां आमचा कंठ फुटला. आम्ही म्हणालों, "आमची चूक आहे ती जरूर लिहा. पण तुमच्या यंत्राची आहे तीहि लिहा." नातीनें पिशवींतून कागदाची पट्टी काढून दोन्ही झरोक्यांपुढें धरून दाखविली. गृहस्थ कांहीं न बोलतां यंत्र आंत घेऊन गेले. अर्ध्या तासानें परत येऊन त्यांनीं सांगितलें कीं, डाव्या पंख्याचा आंस जाम झालेला आहे. धूळ आहे, पण पंखा अडावा इतकी नाहीं. पंखा हमींत बदलून मिळेल. पाटीचा निर्णय मात्र वरच्या कचेरीचा. आम्हीं दोन्ही गोष्टी कागदावर मागितल्या, तक्रारीचा क्रमांक व तारीख घेतली, आणि रिकाम्या पिशवीनें परत निघालों. एस्. टी. त नात म्हणाली, "आजोबा, रागावलांत?" आम्हीं सांगितलें, "तुझ्यावर नाहीं." याहून अधिक बोलण्याची गरज पडली नाहीं.

पुढचे अकरा दिवस बरे गेले नाहींत. घरांत पुतण्या स्पष्ट बोलला नाहीं, पण जेवतांना त्याची मुद्रा बोलत होती. नातीनें माळ्यावरून जुना चित्रफलक काढला, आणि वाड्याचें दर्शनी अंग पेन्सिलीनें व पट्टीनें कागदावर काढावयास बसली. नकार आल्यास काय करावयाचें तेंहि आम्हीं पाहून ठेविलें. 20 जुलै 2020 पासून अंमलांत आलेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें, वस्तु कोठूनहि घेतली असली तरी ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागतां येते. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि वस्तूची किंमत पांच लाखांच्या आंत असल्यास तक्रारीस शुल्क पडत नाहीं. तत्पूर्वीं 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यकेंद्राकडे तक्रार नोंदवितां येते. आम्हीं अर्जाचा मसुदा लिहून ठेविला होता.

तो धाडण्याची वेळ आली नाहीं. बाराव्या दिवशीं निरोप आला कीं, पंखा आणि पाटी दोन्ही हमींत बदललीं आहेत. जाळी व पत्रे साफ केल्याचे सहाशें रुपये मात्र भरावे लागतील, कारण सफाई हमींत येत नाहीं. हमीची मुदत मध्येंच संपली होती. परंतु तक्रार मुदतींत नोंदलेली असल्यामुळें तिचा अडथळा आला नाहीं. सहाशें रुपये आम्हीं आनंदानें भरले. आमच्या वांट्याची चूक तेवढ्या किंमतीची होती, असें आम्ही समजतों. नातीचा आराखडा तीन दिवस उशिरां गेला आणि त्यापायीं तिचे गुण कापले गेले. तें नुकसान भरून निघालें नाहीं.

ज्यांच्या घरीं असें यंत्र आहे त्यांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. हमीची शेवटची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि दुखण्याचा संशय येतांच तक्रार नोंदवावी. यंत्र देण्यापूर्वीं आंतल्या लिखाणाची व चित्रांची दुसरी प्रत करून घ्यावी. पाटी बदलतांना आंतील मजकूर वांचेलच अशी हमी कोणी घेत नाहीं. हमी चालू असतांना बाहेर उघडूं देऊं नये. उष्णमानाचे आंकडे वेळेसह टिपून न्यावे. नकार मिळाल्यास तो कारणासह लेखी मागावा. आणि विचारलें असतां आपली चूक लपवूं नये. जो आपली चूक कबूल करतो, त्याला समोरच्याची चूक दाखवितांना आवाज चढवावा लागत नाहीं, एवढें तरी आम्हीं त्या पटलापुढें पाहिलें.

लॅपटॉप परत आणला त्या दिवशीं सूनबाईंनीं फडताळांतून जुना सागवानी पाट काढून दिला. आतां यंत्र पाटावर बसतें. खालून वारा खेळावा म्हणून नातीनें पाटास चार भोंकें पाडून घेतलीं आहेत. गोधडी पुन्हां माणसांकडे आली. यंदा जूनमध्यें धाकट्या नातवंडांचीं पुस्तकें आणावयास आम्ही अप्पा बळवंत चौकांत जाऊं, तेव्हां पासोड्या विठोबाचें दर्शन घेऊन जिन्याखालच्या त्या दुकानांतहि डोकावणार आहों. हमी आतां संपली आहे. आमच्याकडून कांहीं घेण्यास कारागिरांची हरकत नसावी.